वाड्याची बैठक

नागपूरहून इटारसीकडे निघालेली आगगाडी पांढुर्णे मागे टाकून तिगावास आली की पुढे सातपुड्याचा घाट लागतो. या डोंगरांतले साग मी लहानपणापासून पाहत आलो आहे. त्या वेळी ते नुसते झाड वाटे. पुढे जुनी घरे पाहण्याचा नाद लागला, तेव्हा उमगले की मराठी माणसाच्या वैभवाच्या कल्पनेत सोन्यारुप्याच्या खालोखाल मान होता तो या लाकडाला.

हा विषय आज काढण्याचे कारण निराळेच आहे. तालुक्याच्या गावी हल्ली जे टोलेजंग बंगले उठतात, त्यांत ‘क्लासिक’ नावाची एक तऱ्हा फार चालते. दर्शनी ग्रीक धाटणीचे, पण आतून विटासिमेंटचे खांब. छताला जिप्समच्या वेलबुट्ट्या. दिवाणखान्यात सोनेरी पायांचे कोच. या हौसेला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. ज्याच्यापाशी पैका आहे त्याने आपले घर अवश्य सजवावे. तथापि अभिजात घर म्हणजे काय, हा प्रश्न आपल्या मुलखाने पूर्वी आपल्या परीने सोडविला होता, आणि तो कसा सोडविला हे जाणून घेण्यासाठी अथेन्सपर्यंत जावे लागत नाही. नागपूरच्या महाल भागापर्यंत गेले तरी पुरते.

तिगाव, पांढुर्णे, सौंसर हा सारा भाग राजकारणाने नागपूरपासून तोडला तो अगदी अलीकडे, १९५६ साली. त्यापूर्वीची नाती फार जुनी आहेत. नागपूर शहर वसविणारा बख्तबुलंद हा देवगडचा गोंड राजा, आणि देवगड छिंदवाडा जिल्ह्यातला. पांढुर्ण्याचा स्वतंत्र जिल्हा झाला तो २०२३ साली. अठराव्या शतकात गोंडांची सत्ता भोसल्यांकडे आली आणि आपल्याकडच्या पाटला-देशमुखांचे डोळे नागपूरच्या राजवाड्याकडे लागले. वाडा कसा असावा, याचे माप तेथून येऊ लागले.

तो राजवाडा काळ्या पाषाणाचा होता आणि त्यावर लाकडी कोरीवकामाची अगदी लयलूट होती, असे जुन्या गॅझेटियरात नमूद आहे. आज तो नाही. परंतु त्या काळच्या मराठी वाड्यांची आतली मांडणी पुण्याच्या विश्रामबागवाड्यावरून, वाईजवळच्या मेणवलीच्या नाना फडणिसांच्या वाड्यावरून आणि गावोगावच्या लहानमोठ्या वाड्यांवरून आपणांस चांगली कळते.

देवडी ओलांडून चौकात आले की चारी बाजूंनी सोपे दिसतात. दगडी तळखड्यावर सागवानी खांब उभा असतो. मोठ्या घरी तो सुरूच्या झाडासारखा, खाली भरीव आणि वर निमुळता होत गेलेला. खांबाखांबांमध्ये लाकडाचीच महिरप, तिच्या बगलांतून खाली लोंबणारी केळफुले, वर तुळयांचे हस्त आणि त्यांवर तख्तपोशी. भिंतीत कोनाडे, फडताळे, खुंट्या. म्हणजे ज्याला आज आपण सामान म्हणतो त्यातले निम्मे घराच्या अंगातच मुरलेले असे. आपल्याकडचा उन्हाळा कडक, म्हणून दारांना वाळ्याचे पडदे. माडीवर बंगई, तिच्या पितळी कड्या. उरलेले सारे मऊ आणि हलके: जाजम, गालिचे, पांढरी बिछायत, लोड, तक्के, छताखाली ताणलेला चांदवा, आणि रात्री उजळणाऱ्या हंड्या-झुंबरे. खुर्चीला या मांडणीत जागाच नव्हती.

खुर्ची नसल्यामुळे एक गोष्ट घडे. मनुष्य कोणत्या योग्यतेचा, हे तो कशावर बसला यापेक्षा कोठे बसला यावरून ठरे. गादी एका ठिकाणी; तिच्यापासून किती अंतरावर, उजवीकडे की डावीकडे, कोणत्या खांबाशी, याला अर्थ असे. खांब हे जणू दरबाराच्या कागदावर आखलेले रकाने होते! थॉमस डॅनियल या इंग्रज चित्रकाराने १७९० च्या तहाचे एक मोठे चित्र १८०५ साली पुरे केले. ते आज लंडनच्या टेट संग्रहात आहे. पुण्याच्या दरबारात सवाई माधवराव पेशवे गादीवर आहेत, वर महिरपींची रांग आहे, आणि वकील चार्ल्स मॅलेट व त्याचे गोरे सोबती आपल्या लोकांप्रमाणेच बिछायतीवर बसले आहेत. तंग विजारी घालून मांडी घालणे त्यांना किती सुखाचे झाले असेल, हे ज्याचे त्याने ताडावे. पण बसले खरे! त्या खोलीत शिरणाऱ्याला त्या खोलीचा कायदा मानावाच लागे.

आता नागपूरचा प्रसंग ऐका. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि पुढच्या वर्षी डलहौसीने राज्य खालसा केले. हत्ती, घोडे, बैल लिलावात मातीमोल गेले. जवाहीर विक्रीसाठी कलकत्त्यास रवाना झाले. मग राजवाड्यातील सरंजाम हलविण्याची पाळी आली, तेव्हा दुसऱ्या रघूजींची वृद्ध विधवा बांकाबाई आडवी आली. सामानाला हात लावाल तर वाड्याला आग लावीन, असे तिने बजावले. के या इंग्रज इतिहासकाराने ही हकीकत नोंदली आहे, आणि सामान तरीही हलविले गेले, हेही त्यानेच लिहिले आहे.

बांकाबाईचे नाव आपल्या भागात फारसे आदराने घेतले जात नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इकडे पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार चालते आणि त्याच दिवशी तिकडे नागपुरात काळी मारबत निघते. इंग्रजांना मिळालेल्या बांकाबाईचा तो धिक्कार होय, अशी लोकांची समजूत आहे. तिच्या राजकारणाचा निवाडा येथे करावयाचा नाही. मला कुतूहल आहे ते त्या धमकीचे. राज्य गेले तेव्हा जिने धीर धरला, ती गालिचे आणि झुंबरे निघताना आग लावायला का उठली?

मला वाटते, ती घर ओळखून होती. इंग्रजाच्या दृष्टीने ते सामान होते: मोजावे, किंमत करावी, गाड्यांवर लादावे. बांकाबाईच्या दृष्टीने गादी आणि बिछायत उचलली की दरबाराची जागाच नाहीशी होत होती. कोणी कोठे बसावे हे सांगणारी गादीच गेली, तर खांब उभे राहूनही मुके होणार. सनदेवरची सही तिने कदाचित पाहिलीही नसेल; पण रिकामा दिवाणखाना तिला रोज उठून पाहावा लागणार होता. माझा हा तर्क कोणास पटणार नाही, हे मी जाणून आहे. जुनी माणसे जिनसांना जीव लावतात, एवढेच त्यात असेल, असेही कोणी म्हणेल.

बांकाबाई १८५८ साली वारली. पुढे १८६४ साली तो राजवाडा खरोखरच आगीत भस्मसात झाला आणि मोठे प्रवेशद्वार तेवढे राहिले. मराठी वाड्यांची अखेर पुष्कळदा अशीच झाली आहे. शनिवारवाडा १८२८ साली कित्येक दिवस जळत होता. १८७९ साली बुधवारवाडा गेला आणि विश्रामबागवाड्यालाही झळ लागली. ज्या लाकडाने शोभा आणली तेच सरपण झाले.

लहान गावांतील वाड्यांना आगीपेक्षा वाटण्यांनी अधिक ग्रासले. चौकात भिंत उठली, सोप्याच्या दोन खोल्या झाल्या, माडी उतरविली गेली. अलीकडे जुन्या खांबांना मोठ्या शहरांत गिऱ्हाईक असते. मोडलेल्या वाड्याचे कोरीव खांब, दारांच्या चौकटी आणि बंगईच्या कड्या बंगल्यांत, हॉटेलांत शोभेसाठी जातात. ते चुलीत जाण्यापेक्षा बरे, हे मला मान्य आहे. मात्र तेथे तो खांब कशाला आधार देत नाही. बैठकीच्या कोपऱ्यात नुसता उभा असतो, आणि त्याला टेकून बसण्याचा मान कोणाचा, हे विचारायला कोणी उरलेले नसते.

तळखडा मात्र सहसा कोणी नेत नाही. तो जड असतो आणि त्याला किंमत येत नाही. आपल्या गावात कोठे अंगणात, विहिरीपाशी, कपडे धुण्याच्या जागी असा घडीव चौकोनी दगड पडला असेल, तर श्रोत्यांनी तो एकदा जरूर पाहावा. त्यावर खांब टेकल्याची खूण असते. तीवरून खांबाची जाडी कळते. दोन तळखडे अजून मूळ जागी असतील तर त्यांतले अंतर दोरीने मोजावे. त्या अंतराला खण म्हणतात, आणि आपल्याकडे घर मोजीत ते याच मापाने: पाच खणांचे, सात खणांचे. खणांची संख्या आणि चौकाची दिशा कळली की तो सोपा केवढा होता आणि गादी कोणत्या भिंतीशी पडत असावी, हे घरातील एखादे म्हातारे माणूस अजूनही बोट दाखवून सांगू शकते.