एकच वायू, दोन वेग: झिओलाइटच्या आत काय चाललंय?

२०२१च्या दुसऱ्या लाटेत ‘पीएसए प्लांट’ हा शब्द आपल्या सगळ्यांच्या कानावर पडला. हवा आत, ऑक्सिजन बाहेर. त्याच्या टाक्यांमध्ये झिओलाइटचे बारीक मणी असतात. दाब वाढवला की त्यांच्या छिद्रांच्या भिंतींना नायट्रोजन चिकटतो आणि साधारण ९३ टक्के ऑक्सिजन असलेला वायू पुढे निघून जातो. दाब काढला की नायट्रोजन सुटतो. या चिकटण्याला म्हणतात अधिशोषण.

झिओलाइट आपल्याला परका नाही बरं का. पुणे, नाशिक, जळगावकडच्या खाणींत काळ्या कातळाच्या पोकळ्यांमध्ये स्टिलबाइटचे सुंदर स्फटिक मिळतात, ते याच घराण्यातले. प्लांटमधला झिओलाइट मात्र कारखान्यात बनवलेला.

आता आजचा प्रश्न. ही छिद्रं जेमतेम अर्धा-एक नॅनोमीटरची. त्यातून वायू किती वेगाने आत सरकतो? प्लांट डिझाइन करायचा तर हा आकडा लागतोच.

जुनी पद्धत एकदम सरळ होती: वजन करा. १९२६मध्ये मॅकबेन आणि बकर यांनी क्वार्ट्झच्या नाजूक स्प्रिंगला नमुना टांगला. वायू सोडायचा, स्प्रिंग किती ताणली गेली ते बघत राहायचं. वजन किती वेळात वाढलं ते कळलं की १८५५च्या फिकच्या नियमाने विसरणाचा वेग काढायचा. अनेक दशकं असेच आकडे छापले गेले.

मग १९७०च्या दशकात पूर्व जर्मनीतल्या लाइपझिगहून वेगळेच आकडे यायला लागले. हॅरी फायफर यांच्या गटातला तरुण यॉर्ग कार्गर एनएमआर वापरत होता, म्हणजे आपल्या एमआरआयचं मूळ तंत्र. चुंबकीय क्षेत्राचा एक छोटा झटका द्यायचा, की प्रत्येक रेणूवर ‘तू इथे होतास’ अशी खूण बसते. काही मिलिसेकंदांनी दुसरा झटका ती खूण पुसतो, पण रेणू जागचा हलला असेल तर नीट पुसली जात नाही. सिग्नल किती पडला त्यावरून रेणू किती मायक्रोमीटर सरकला ते कळतं.

आणि उत्तर काय? काही बाबतीत वजनाच्या पद्धतीपेक्षा हजारो पट जास्त वेग! दहा-वीस टक्क्यांचा फरक असता तर कुणी मनावर घेतला नसता. हजारो पट म्हणजे दोघांपैकी कुणीतरी भलतंच काहीतरी मोजतंय.

आम्ही सॉफ्टवेअरवाले हे रोज बघतो. पेज उघडायला तीन सेकंद लागली की शिव्या डेटाबेसला, आणि खरा वेळ खाल्लेला असतो नेटवर्कने.

इथलं नेटवर्क म्हणजे उष्णता. वायू चिकटला की उष्णता बाहेर पडते, नमुना तापतो, आणि तापलेला झिओलाइट कमी वायू धरतो. उरलेला वायू नमुना थंड होईल तसतसा आत जातो. म्हणजे बऱ्याच प्रयोगांत लोक वायूचा वेग मोजत नव्हते, थंड होण्याचा वेग मोजत होते! शिवाय स्फटिकांच्या ढिगातून वाट काढायलाही वायूला वेळ लागतो, तो वेगळाच.

याची एक साधी चाचणी मला फार आवडते. मोठा स्फटिक घ्या. वेळ खरंच आतल्या विसरणाचा असेल, तर आकार दुप्पट केल्यावर तो चौपट व्हायला हवा. होत नसेल तर अडथळा दुसरीकडे आहे. १९७७च्या निबंधात कार्गर आणि युर्गन कारो यांनी दोन्ही पद्धतींच्या आकड्यांची अशीच झाडाझडती घेतली.

वजनवाल्यांच्या बाजूनेही सुधारणा झाली. कॅनडात डग्लस रुथवेन आणि म्लाडेन आयच यांनी १९८८मध्ये अगदी चिमूटभर नमुन्यावरून वायूचा जोरदार झोत सोडायची पद्धत आणली, म्हणजे उष्णता साचायलाच वाव नाही. बर्लिनची भिंत पडल्यावर, १९९२मध्ये, कार्गर आणि रुथवेन यांचं या विषयावरचं जाडजूड पुस्तक एकत्र आलं.

भांडण मिटलं? पूर्ण नाही. उष्णतेचा हिशोब चुकता केल्यावरही काही आकडे जुळेनात. पुढे लाइपझिगच्याच गटाने एकेका स्फटिकाच्या आत वायू कुठवर पोचलाय ते प्रकाशाच्या व्यतिकरणाने पाहिलं. काही स्फटिकांमध्ये आतला रस्ता मोकळा होता आणि वायू दारातच, म्हणजे पृष्ठभागावरच, अडकत होता. एनएमआरला आतली पळापळ दिसत होती, वजनकाट्याला दारातली रांग.