शैक्षणिक स्वातंत्र्य

शैक्षणिक स्वातंत्र्य : अध्यापकास अध्यापन व संशोधन करण्याचे आणि आपले निष्कर्ष प्रसिद्ध करण्याचे, तसेच विद्यार्थ्यास ज्ञान संपादन करण्याचे, बाह्य दडपणापासून मुक्त असे स्वातंत्र्य. सर्वसाधारण भाषणस्वातंत्र्याहून ते वेगळे आहे; कारण त्याबरोबर विषयाच्या शास्त्रीय कसोट्या पाळण्याचे उत्तरदायित्व येते. विद्यापीठाची स्वायत्तता ही त्याची आवश्यक अट असली, तरी पुरेशी नव्हे. स्वायत्त विद्यापीठही आपल्या अध्यापकाचे स्वातंत्र्य संकुचित करू शकते.

या कल्पनेस आधुनिक रूप जर्मनीत आले. व्हिल्हेल्म फोन हंबोल्ट याच्या प्रयत्नाने १८१० मध्ये स्थापन झालेल्या बर्लिन विद्यापीठात अध्यापन व संशोधन यांची सांगड घातली गेली. जर्मनीच्या १९४९ च्या मूलभूत कायद्याने संशोधन व अध्यापन यांस स्पष्ट संरक्षण दिले. अमेरिकेत अध्यापकांच्या संघटनेने १९१५ पासून सेवेच्या शाश्वतीवर भर दिला. भारतीय संविधानात अशी स्वतंत्र तरतूद नाही. अनुच्छेद १९ मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्य हा तिचा मुख्य आधार होय. उर्वरित संरक्षण विद्यापीठविषयक अधिनियमांतून मिळते.

या दृष्टीने नागपूर विद्यापीठाचा इतिहास उद्‌बोधक आहे. नागपूरची महाविद्यालये पूर्वी अलाहाबाद विद्यापीठास संलग्न असल्याने त्यांचे अभ्यासक्रम व परीक्षा बाहेरून ठरत. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सहा महाविद्यालये व ९२७ विद्यार्थी यांसह नागपूर विद्यापीठ स्थापन झाले. सर बिपिन कृष्ण बोस हे पहिले कुलगुरू होत. विद्येचे निर्णय नागपुरात होऊ लागले. परंतु कुलपतिपद प्रांताच्या गव्हर्नराकडेच राहिले आणि स्वातंत्र्यानंतर ते राज्यपालांकडे आले. १९७४, १९९४ व २०१६ च्या अधिनियमांनी विद्यापीठाची रचना क्रमाने बदलली. प्रचलित कायद्यानुसार अभ्यासक्रमाचा विचार प्रथम अभ्यासमंडळात व पुढे विद्यापरिषदेत होतो; सेवेतून काढलेल्या अध्यापकास न्यायाधिकरणाकडे अपील करता येते.

या व्यवस्थेची कसोटी वादाच्या प्रसंगी लागते. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील ग्रंथावरून ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला झाला. पाठोपाठ राज्यशासनाने ग्रंथावर बंदी घातली. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये ती रद्द केली व सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो निर्णय कायम केला. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाने रोहिंटन मिस्त्री यांची कादंबरी कुलगुरूंच्या तातडीच्या अधिकारात अभ्यासक्रमातून वगळली. २०१९ मध्ये नागपूर विद्यापीठाच्या बी. ए. इतिहासाच्या अभ्यासक्रमात राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या राष्ट्रबांधणीतील भूमिकेचा समावेश झाला, तेव्हाही तीव्र मतभेद प्रकट झाले.

पहिल्या प्रसंगी दडपण जमावाचे व शासनाचे होते. दुसऱ्या प्रसंगी निर्णय विद्यापीठाच्याच अधिकाऱ्याने घेतला. न्यायालयाचा दिलासा मिळण्यास वर्षे लागतात आणि जळालेले वा फाटलेले हस्तलिखित त्याने परत येत नाही. म्हणून एखादा ग्रंथ वा घटक ठेवावा की वगळावा, यापेक्षा तो निर्णय कोणी व कोणत्या कसोटीवर घ्यावा, हा प्रश्न अधिक मूलगामी ठरतो. तो विषयतज्ज्ञांच्या मंडळांनी खुल्या चर्चेने, कारणे नोंदवून घेतला आणि विरोधी मत मांडणाऱ्या अध्यापकाची सेवा सुरक्षित राहिली, तरच कायद्यातील तरतुदींना अर्थ प्राप्त होतो.