संगणकाची भूपाळी

सकाळी उठल्याबरोबर कुणाकुणाचं तोंड पाहू नये, याची आमच्या आजीकडे एक भली मोठी यादी होती. त्या यादीत लॅपटॉप नव्हता. पण आज आजी असती, तर तिनं तो पहिल्या नंबरावर घातला असता. कारण गेल्या रविवारी सकाळी सात वाजता मी आमच्या लॅपटॉपचं झाकण उघडलं, बटण दाबलं, आणि काळ्याकुट्ट पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक इंग्रजी ओळ उमटली. तिचा मराठीत अर्थ एवढाच, की ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही.

सापडत नाही म्हणजे? काल रात्री अकरापर्यंत तर होती! बँकेत बावीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला 'सापडत नाही' हे शब्द ऐकले की पोटात गोळा येतो. व्हाउचर सापडत नाही, सहीचा नमुना सापडत नाही, तिजोरीची किल्ली सापडत नाही... यातलं कुठलंही वाक्य पुढे चौकशी समितीपर्यंत जाऊ शकतं.

"अहो, बंद करून परत चालू करा," स्वयंपाकघरातून हिचा सल्ला आला. मिक्सर, मोटर, गीझर आणि मी, या चौघांच्याही बाबतीत तिचा हाच सल्ला असतो. मी बंद केला, चालू केला. पुन्हा तीच ओळ.

एरवी मी लॅपटॉप तसाच मिटून चहा मागितला असता. पण आत अप्पा होते. म्हणजे अप्पा पलीकडच्या खोलीत आरामखुर्चीत होते, पण अप्पांच्या आठवणी लॅपटॉपच्या आत होत्या. वय वर्षं ब्याऐंशी. बँकेत अडतीस वर्षं नोकरी. डोळ्यांनी आता साथ सोडल्यामुळे गेली दोन वर्षं रोज रात्री ते सांगतात आणि मी टाईप करतो. एकशे चाळीस पानं झाली होती. आईच्या शेवटच्या आजारपणाचं प्रकरण त्यांनी एकदाच सांगितलं होतं, तेही भिंतीकडे बघत. ते दुसऱ्यांदा सांगा म्हणायची माझी छाती नव्हती. आणि अलीकडे विचारलं तरी सगळं आठवेलच असं राहिलं नव्हतं. या एकशे चाळीस पानांची दुसरी प्रत? नव्हती. दिवसभर गिऱ्हाइकांना 'पावती जपून ठेवा हं' म्हणणाऱ्या माणसाच्या घरची ही तऱ्हा!

मी बी. कॉम. झालेला माणूस. कॉमर्सवाल्यापुढे अडचण आली, की तो आधी मागच्या वर्षांचे ताळेबंद काढून बसतो. मीही फोन काढला आणि संगणक मुळात उठतो कसा, याचा इतिहास वाचायला बसलो. दुरुस्ती बाजूला राहिली, पण इतिहास मोठा रंगतदार निघाला.

मूळ कोडं असं. प्रोग्रॅम दिल्याशिवाय संगणकाला काहीही करता येत नाही. बरं, तो प्रोग्रॅम आत उचलून आणायचा, तर त्यासाठीही प्रोग्रॅमच लागतो. मग पहिला आणायचा कुणी? आपल्या जुन्या शास्त्रकारांनी सांगून ठेवलंय, की डोंबाऱ्याचा पोर कितीही तरबेज झाला तरी त्याला स्वतःच्या खांद्यावर चढता येत नाही. इंग्रजांकडे याच अशक्य गोष्टीसाठी बुटाचा दाखला आहे : आपल्याच बुटाचे पट्टे धरून स्वतःला वर उचलणं. त्या पट्ट्याला म्हणतात बूटस्ट्रॅप. संगणकाचं 'बूट होणं' आलं ते तिथून. इतकी वर्षं मी 'बूट होत नाही' म्हणत होतो ते, खरं सांगतो, अर्थ न कळता, पूजेतल्या मंत्रासारखं.

आता पोर स्वतःच्या खांद्यावर चढला कसा? १९५२ साली आयबीएमनं ७०१ नावाचं यंत्र जाहीर केलं. त्याला 'लोड' नावाचं एक बटण होतं. ते दाबलं की यंत्र कार्डावरचा नाहीतर टेपवरचा अगदी पहिला एवढासा तुकडा वाचायचं. त्या तुकड्यात हुकूम एवढाच, की पुढचा तुकडा आण. तो आणखी पुढच्याला आणायचा. हे वाचलं आणि मला आमची शाखाच आठवली. सकाळी आधी शिपाई येऊन शटर उघडतो. शिपायाला बँकिंगमधलं काही कळायची गरज नसते, शटर कळलं की झालं. मग हेडकॅशियर आणि मॅनेजर आपापल्या किल्ल्या लावून तिजोरी उघडतात, मग कॅश काउंटरवर येते, आणि सगळ्यात शेवटी, डबा ठेवून, मी येतो. शिपाई आला नाही तर चेअरमनसुद्धा फुटपाथवर!

१९७५ साली अमेरिकेत अल्टेअर ८८०० नावाचा छोटा संगणक निघाला. त्याला शिपाईसुद्धा नव्हता. मालकानंच रोज समोरच्या पट्टीवरचे खटके वरखाली करून, एकेक आकडा घालून त्याला उठवायचं. या अल्टेअरसाठी बिल गेट्स आणि पॉल ॲलन या दोघा पोरांनी बेसिक ही भाषा तयार केली. तीही अल्टेअर डोळ्यांनी न पाहता, हार्वर्डच्या मोठ्या संगणकावर. ती दाखवायला ॲलन विमानानं अल्बुकर्कीला निघाला. विमान उतरायला लागलं आणि त्याच्या ध्यानात आलं, की भाषा लिहिली, पण ती यंत्रात चढवणारा शिपाई लिहायचाच राहिला! लग्नाला निघालेल्या वऱ्हाडानं नवरदेव घरी विसरावा तसं झालं. त्यानं विमानातच कागदावर तो लिहून काढला. पुढे तो खटक्यांनी चढवला, यंत्र जागं झालं, आणि दोन अधिक दोन किती असं विचारल्यावर त्यानं चार असं उत्तर दिलं. एवढ्या उत्तरावर पुढे मायक्रोसॉफ्ट उभी राहिली. आमच्याकडे सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी हे उत्तर काढायला दोन कारकून लागतात.

१९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएम पीसी आला आणि त्यात शिपायाची कायमची नेमणूक झाली. त्याचं नाव बायॉस. तो चिपमध्येच राहतो. बटण दाबलं की तो उठून मेमरी, कीबोर्ड वगैरेंची हजेरी घेतो, आणि मग डिस्कचा पहिला कप्पा उघडतो. कप्पा मोजून ५१२ बाइटचा. १९८३ पासून हार्ड डिस्कच्या या कप्प्याची वाटणी ठरली : ४४६ बाइट हुकमासाठी, ६४ डिस्कच्या वाटण्यांच्या नोंदीसाठी, आणि शेवटचे २ म्हणजे साहेबांची सही. मी लगेच बेरीज करून पाहिली. टॅली! सही नसेल तर बायॉस तो कप्पा मानत नाही. व्हाउचरवर सही नसेल तर आम्ही तरी कुठे मानतो? नव्या लॅपटॉपमध्ये बायॉसची जागा यूईएफआयनं घेतली आहे, पण आमचा लॅपटॉप जुन्या वळणाचा.

या पहिल्या कप्प्याचं महत्त्व चोरांच्याही लवकर ध्यानात आलं. १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी 'ब्रेन' नावाचा व्हायरस काढला, तो फ्लॉपीच्या नेमक्या याच कप्प्यात जाऊन बसायचा. वर त्यात भावांची नावं, पत्ता आणि फोन नंबरही होता. इतकी सुवाच्य माहिती आमच्याकडे कर्जाच्या अर्जातही मिळत नाही.

त्याच सुमाराला आमच्या घरात वेगळाच इतिहास घडत होता. १९८३ साली बँकांच्या संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात यंत्रांबद्दल करार झाला, आणि १९८४ साली डॉ. रंगराजन समितीचा बँकांच्या संगणकीकरणाचा अहवाल आला. अप्पा तेव्हा मोर्च्यात होते. मला खांद्यावर बसवून त्यांनी संगणकाविरुद्ध घोषणा दिल्या, अशी घरची आख्यायिका आहे. त्याच मुलाला पुढे संगणकापुढे बसूनच पोट भरावं लागलं. २०२४ च्या १९ जुलैला क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगातले सुमारे ८५ लाख संगणक उठेनासे झाले आणि आपल्याकडच्या विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहून देण्यात आले, ती बातमी मी अप्पांना वाचून दाखवली होती. अप्पांनी शांतपणे विचारलं होतं, "अक्षर कसं होतं रे?"

एवढा इतिहास पचवल्यावर मला वाटलं, आपण आता तज्ज्ञ झालो. मी सेटिंगमध्ये शिरलो आणि दिसेल ते बदलून पाहिलं. नऊ वाजता कन्या उठली. तिनं लॅपटॉप उचलला, बाजूला पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, हा पेन ड्राइव्ह कुणाचा?"

सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त उतरवायला तो मी रात्री लावला होता. शिपायाला हुकूम होता, आधी पेन ड्राइव्हचं दार ठोठाव. त्यानं ठोठावलं. आत सोसायटीचं इतिवृत्त. त्यातून कोण जागं होणार? बिचारा तिथेच बसून राहिला.

पेन ड्राइव्ह काढला. पण आता लॅपटॉप पुढची ओळ बोलला : किल्ली द्या. सेटिंगमध्ये कुणीतरी हात घातलाय, म्हणजे घरात चोर शिरलाय, असा त्याचा समज झाला होता. चोर मीच होतो. "काय काय बदललंत?" कन्येनं विचारलं. मी नोंद ठेवली नव्हती.

अशा कुलपाची, म्हणजे बिटलॉकरची, किल्ली असते ४८ आकड्यांची. सहा-सहाचे आठ गट. ती कुठंतरी लिहून ठेवा, असं लॅपटॉप घेताना सांगितलं होतं, म्हणून मी ती अप्पांना सांगून त्यांच्या खर्चाच्या वहीत लिहून घेतली होती. वही निघाली. दूध, इस्त्री, औषधं, आणि मागच्या पानावर मथळा : 'यंत्राची किल्ली'. खाली मराठी आकडे. पण तेव्हाच अप्पांचा हात थरथरायला लागला होता. पाच गटांत एकेक आकडा असा, की १ आहे की ९ ते ब्रह्मदेवालाही कळू नये.

"बत्तीस शक्यता," कन्या म्हणाली. "एकेक टाकून बघू या."

"अंदाजानं आकडा टाकायचा?" आतून अप्पांचा आवाज आला. "या घरात?"

मग कन्येनंच शोधून काढलं, की या किल्लीचा प्रत्येक गट अकरानं निःशेष भागला जातो. अप्पा खुर्चीत सरळ झाले. "वाच."

"तीन, शून्य, सहा, मग ते एक किंवा नऊ, मग पाच, पाच."

अप्पांनी डोळे मिटले. "एकाआड एक घे. तीन, सहा, पाच. चौदा. उरलेले शून्य, पाच, आणि तुझा तो. नऊ धरला तर चौदा. चौदाला चौदा. नऊच आहे. पुढचा गट वाच."

पाचही गट त्यांनी तोंडी सोडवले. तेवढ्या वेळात माझ्या फोनमधला कॅलक्युलेटर उघडलासुद्धा नव्हता. मी आकडे भरले, लॅपटॉपनं क्षणभर विचार केला आणि उठला. एकशे चाळीस पानं जागच्या जागी होती. मी आईचं प्रकरण उघडून पहिल्या चार ओळी वाचल्या आणि चष्मा पुसायला घेतला. मग त्याच पेन ड्राइव्हवर एक प्रत काढली, आणि दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन दोन छापील.

रात्री नेहमीसारखं लिहायला बसलो. "हं, लिही," अप्पा म्हणाले. "एकोणीसशे चौऱ्याऐंशी. आम्ही मोर्च्यात सांगत होतो, की मशीन आलं तरी माणूस लागणारच. तेव्हा कुणी ऐकलं नाही."

मी ते लिहिलं. खाली कंसात तारीख घातली, आणि पुढे : चौदाला चौदा.