अर्जांची शाळा

पुण्याच्या सार्वजनिक सभेने एखाद्या प्रश्नावर खपून, आकडे जमवून सरकारकडे अर्ज पाठवावा आणि सरकारने त्याची कोरडी पोच द्यावी, हे १८८० नंतरच्या दशकात नित्याचे होते. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी एकदा न्यायमूर्ती रानड्यांना विचारलेच, की या खटाटोपाचा उपयोग काय? रानड्यांचे उत्तर पुढे गोखल्यांनीच सांगितले आहे. अर्ज नावाला सरकारकडे जातो, खरा तो लोकांसाठी असतो. अशा प्रश्नांवर विचार कसा करायचा हे लोकांना कळावे म्हणून तो लिहायचा, आणि फळाची आशा न धरता हे काम बरीच वर्षे करत राहायचे. रानडे ‘लोक’ म्हणाले खरे, पण त्या अर्जांनी सर्वांत आधी घडवलेला माणूस त्यांच्या समोरच बसला होता.

हल्ली नेतृत्वाचे कोचिंग म्हटले की दोन खुर्च्या, एक प्रश्न विचारणारा आणि एक मन मोकळे करणारा, असे चित्र उभे राहते. रानडे-गोखले संबंधात मन मोकळे करण्याला फारसा वाव नव्हता. रानडे मुळात मितभाषी, वयाने चोवीस वर्षांनी मोठे आणि सरकारी नोकरीतले न्यायाधीश. कोटलुकसारख्या कोकणातल्या खेड्यात जन्मलेला, फर्ग्युसनमध्ये शिकवणारा हा तरुण १८८७च्या सुमारास त्यांच्याकडे आला, तेव्हा त्याला मिळाले ते काम. सभेच्या त्रैमासिकाचे संपादन, सरकारी अहवालांचे वाचन, टिपणे, मसुदे आणि त्यांवरची दुरुस्ती. माझे म्हणणे एवढेच, की गोखले घडले ते या दुरुस्तीतून. उपदेश ऐकणारा माणूस मान डोलावून मोकळा होतो. मसुदा परत आला की कुठले विधान पुराव्यावाचून ठोकून दिले होते, ते कागदावरच दिसते आणि नव्याने लिहावे लागते.

याचा पडताळा १८९७ या एकाच वर्षात दोनदा मिळतो. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला गोखले लंडनला गेले, तेव्हा त्यांचे वय तीस होते. त्या साक्षीच्या तयारीमागे रानडे होते आणि आकड्यांचे जाणकार शाळामास्तर गणेश व्यंकटेश जोशी होते. उलटतपासणी कसून झाली, पण साक्ष टिकली. त्याच मुक्कामात प्लेगच्या बंदोबस्तातील गोऱ्या सैनिकांच्या वर्तनाबद्दल, पुण्याहून आलेल्या खासगी पत्रांच्या भरवशावर त्यांनी आरोप केले. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे देता येईनात, पुरावा उभा राहीना, आणि परतल्यावर त्यांना जाहीर माफी मागावी लागली. आरोप सर्वस्वी खोटे होते असे यावरून ठरत नाही. मात्र जे कागद त्या जुन्या दुरुस्तीतून गेले होते ते उभे राहिले आणि जे गेले नव्हते ते कोसळले, ही गोष्ट योगायोग म्हणून सोडून देण्याजोगी नाही. १९०२मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलून त्यांनी नाव मिळवले, तोवर रानड्यांना जाऊन वर्ष उलटले होते.

यावर कोणी विचारील, की टिळकांना कुठे असा गुरू लागला? ते गोखल्यांहून मोठे लोकनायक झालेच ना? झाले. पण टिळकही एकट्याने घडले नाहीत. चिपळूणकर, आगरकर यांच्या सहवासात आणि भांडणातही ते घडले. आणि ‘केसरी’च्या कचेरीत न. चिं. केळकर, कृ. प्र. खाडिलकर तयार झाले, तेही लेखणी हातात देऊनच. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. रानड्यांच्या खोलीचे दार कोणासाठी उघडे होते? इंग्रजी शिकलेल्या, बहुतेक ब्राह्मण पुरुषांसाठी. ही मर्यादा नाकारण्यात अर्थ नाही. अपवाद घरातच होता: लग्नानंतर रानड्यांनी शिकवलेल्या रमाबाई पुढे पुण्याच्या सेवासदनाच्या अध्वर्यू झाल्या. पण तिथे शिष्याने गुरू निवडला नव्हता, आणि घरातल्या बायकांचा रोष एकट्या रमाबाईंना सोसावा लागला. त्यांच्या आठवणी वाचणाऱ्याला ही किंमत दिसल्यावाचून राहत नाही.

गोखल्यांनी हीच रीत संस्थेत बांधण्याचा प्रयत्न केला. १२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाज निघाला. सात प्रतिज्ञा, पाच वर्षांची उमेदवारी, सगळे पहिल्या सभासदाच्या, म्हणजे स्वतः गोखल्यांच्या देखरेखीखाली. नियम कडक होते, आणि नियमांनी दुसरा गोखले निघाला नाही, अशी टीका करता येईल. ती मला अपुरी वाटते. समाजाचे सभासद ना. म. जोशी कामगारांकडे वळले आणि १९२०मध्ये आयटक या कामगार संघटनेच्या स्थापनेत पुढे राहिले. ठक्कर बाप्पा भिल्लांच्या वस्तीत गेले. देवधरांनी रमाबाईंबरोबर सेवासदन उभारले. गुरूच्या कायदेमंडळी राजकारणाची निव्वळ नक्कल यांपैकी कोणी केली नाही. नक्कल उतरली असती तर ती शिकवणीची हार ठरली असती.

सर्वांत अवघड शिष्य मात्र बाहेरचा होता. १८९६मध्ये पुण्यात पहिली भेट, पुढे कलकत्त्यात गोखल्यांच्या बिऱ्हाडी महिनाभर मुक्काम, आणि १९१२मध्ये गोखल्यांचा दक्षिण आफ्रिकेचा दौरा; गांधींनी त्यांना उघडपणे राजकीय गुरू मानले. ‘हिंद स्वराज्य’ गोखल्यांना कच्चे वाटले होते. हिंदुस्थानात वर्षभर राहिल्यावर गांधी स्वतःच ते पुस्तक नष्ट करतील, असे त्यांचे भाकीत होते. मतभेद एवढा असूनही त्यांनी गांधींशी वाद वाढवला नाही. त्यांनी काम नेमून दिले: वर्षभर देश पाहा, जाहीर बोलू नका. रानड्यांच्या दुरुस्तीचीच ही दुसरी तऱ्हा होती. १९ फेब्रुवारी १९१५ला गोखले गेले. समाजाच्या सभासदांत गांधींच्या प्रवेशावरून मतभेद होते, म्हणून त्यांनी आपला अर्ज मागे घेतला. वर्षभर देश पाहण्याची अट मात्र त्यांनी पाळली.