सोन्यावर उभे राहणारे रेणू

सोनें गंजत नाहीं, काळवंडत नाहीं. म्हणून त्यास उदासीन धातु मानण्याची पद्धत जुनी आहे. या औदासीन्यास गंधक मात्र अपवाद आहे.

१९४६ सालीं वॉशिंग्टन येथील नौदलाच्या संशोधनशाळेंत बिगेलो, पिकेट व झिस्मन यांनीं एका तेलकट द्रवांत लांब साखळीचा सेंद्रिय पदार्थ किंचित् विरघळवून त्यांत प्लॅटिनम बुडविलें. बाहेर काढतांच द्रव ओघळून गेला, धातु कोरडाच! रेणूंनीं एक टोंक धातूस टेकवून, शेपट्या बाहेर करून, एकाच रेणूच्या जाडीचा थर आपण होऊन रचला होता. इतक्या सुंदर प्रयोगाचें महत्त्व त्या काळीं ओळखलें गेलें नाहीं, हें नवलच.

पुढें १९८३ सालीं बेल प्रयोगशाळेंतील नझो व अलारा यांनीं गंधकयुक्त रेणू घेऊन ते सोन्यावर बसविले. गंधक सोन्यास घट्ट धरतें. शेजारशेजारच्या साखळ्या एकमेकींस खेटतात, आणि वाऱ्यानें कललेल्या जोंधळ्याप्रमाणें सर्व एकाच बाजूस, सुमारें ३० अंश, झुकून उभ्या राहतात. १८ कर्बांची साखळी असली तरी थराची जाडी मिलिमीटरच्या दशलक्षांशाच्या जेमतेम दुप्पट! ही वीण अक्षय मात्र नव्हे. उष्णता वाढली किंवा हवेंतील ओझोन लागला, कीं गंधकाची पकड सुटते व थर विस्कटतो.