शाळेची फी कोण भरतं, आणि हिशोब कोण मागतं?



जानेवारी उजाडला की इनबॉक्समध्ये एकच प्रश्न सुरू होतो. "दादा, पोराला पहिलीत कुठं टाकू? नेरळला, कर्जतला की थेट बदलापूरला?" खालापूरकडची मंडळी विचारतात, "खोपोलीतच ठेवू की पनवेलला पाठवू?" पाठोपाठ फी-पत्रकांचे फोटो येतात. एका ताईंनी तर चार शाळांची पत्रकं पाठवली आणि खाली लिहिलं, "यातली स्वस्त कुठली ते सांगा, बाकी मला काही कळत नाही."

ताई, स्वस्त कुठली ते शेवटी सांगतो. आधी जरा मागे जाऊ. आपल्या तालुक्यात शाळेचा खर्च कोण उचलतो याचं उत्तर दीडशे वर्षांत चार वेळा बदललंय, आणि हे समजलं की हातातलं फी-पत्रक वेगळं दिसायला लागतं.

पहिला टप्पा शेतसाऱ्याचा. १८५४ साली वुडचा खलिता आला आणि खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचं धोरण ठरलं. आपल्याकडे १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली, तेव्हा हे सगळं नवीनच होतं. कर्जत त्या काळी ठाणे जिल्ह्यात, आणि खालापूर हा कर्जतचाच पेटा. १८६०च्या दशकात मुंबई इलाख्यात लोकल फंड सुरू झाला. शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा वसूल व्हायचा आणि त्यातला एक तृतीयांश भाग शिक्षणासाठी ठेवायचा. म्हणजे भात पिकवणारा आपला कुणबी, आगरी शेतकरी शाळेची फी सारा भरतानाच देत होता. त्याचं पोर शाळेत जात नव्हतं तरीही.

हा हिशोब पहिल्यांदा जाहीरपणे मागितला तो महात्मा जोतीराव फुल्यांनी. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी सांगितलं की पैसा रयतेच्या घामाचा आहे आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतोय. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती. ज्याने पैसे दिले त्याला प्रश्न विचारायचा हक्क आहे, हा त्यांचा मुद्दा. साधी गोष्ट आहे, पण आजही आपण ती शाळेच्या ऑफिसात उभे राहिल्यावर विसरतो.

दुसरा टप्पा वर्गणीचा. १८८० साली पुण्यात चिपळूणकर, टिळक, नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं. तीसुद्धा खासगी शाळाच होती बरं का! खासगी म्हणजे महागडी, हे समीकरण तेव्हा नव्हतंच. शिकलेल्या तरुणांनी सरकारी नोकरी सोडून कमी पगारावर शिकवायचं, म्हणजे शिक्षण स्वस्त होईल, हा त्यामागचा विचार. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. घराघरातून मूठमूठ धान्य गोळा करून वसतिगृहं चालली, 'कमवा आणि शिका' योजनेवर मुलं शिकली.

आपल्या कर्जतकडे या काळातलं नाव म्हणजे हुतात्मा भाई कोतवाल. १९१२ साली माथेरानला जन्म, गरीब नाभिक कुटुंब, शिकून वकील झाले. दरवर्षी २ जानेवारीला आपण सिद्धगडला जातो, भाई कोतवाल आणि हिराजी पाटलांना मानवंदना देतो. १९४३ साली त्या दिवशी ते तिथे धारातीर्थी पडले. पण 'आझाद दस्ता' आणि विजेचे मनोरे पाडण्याच्या आधीचं त्यांचं काम आपण फार बोलत नाही. शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या आणि गावोगाव स्वयंसेवी शाळा. सावकाराच्या कागदावर अंगठा उठवणाऱ्याला तो कागद वाचता यायला हवा, एवढा सरळ संबंध होता शाळेचा आणि पोटाचा.

स्वातंत्र्यानंतर तालुक्यातल्या मोठ्या शाळाही स्थानिक संस्थांनीच चालवल्या. कर्जतचं अभिनव ज्ञान मंदिर घ्या, खोपोलीचं खालापूर तालुका शिक्षण प्रसारक मंडळाचं जनता विद्यालय घ्या. आज पन्नाशी-साठीत असलेल्या निम्म्या कर्जत-खोपोलीने कुठल्या ना कुठल्या अशा शाळेचा फळा पाहिलाय. माझे आजोबा आमच्या गावच्या शाळेच्या पायासाठी बैलगाडीने दगड आणायचे. पैसे नव्हते म्हणून श्रमदान. पण त्यामुळेच ते मास्तरांना रस्त्यात थांबवून विचारायचे, "गुरुजी, भिंत कुठवर आली? उरलेला चुना कुठं गेला?" सही करता येत नव्हती त्यांना, पण हिशोब मागता येत होता.

तिसरा टप्पा सरकारी अनुदानाचा. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. आपली तेव्हा कुलाबा जिल्हा परिषद, कारण जिल्ह्याचं नाव रायगड झालं ते १९८१ मध्ये. गावागावातली प्राथमिक शाळा झेडपीकडे, आणि खासगी संस्थांच्या माध्यमिक शाळांतल्या शिक्षकांचे पगार सरकारकडून. १९५९ पासून ई.बी.सी. सवलत होती, पुढे मुलींना शिक्षण मोफत झालं. त्याच काळात खोपोलीच्या कारखान्यांत लागलेल्या कामगारांची पोरं याच शाळांतून शिकून इंजिनीअर, तलाठी, नर्स, मास्तर झाली. घरातून फी जवळपास शून्य. हिशोब मागायला सरकारी तपासणी अधिकारी यायचे. तेव्हापासून पालकांची हिशोब मागायची सवय सुटली, असं माझं मत आहे. पैसे आपले दिसतच नव्हते ना.

चौथा टप्पा आपण जगतोय तो. नव्या शाळांना अनुदान द्यायला सरकारने हात आखडता घेतला आणि 'कायम विनाअनुदानित' हा शब्द आला. २००९ साली त्यातला 'कायम' काढला, पण तोवर वारं फिरलं होतं. २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, पुढे सेमी इंग्रजी आलं, तरी पालकांचा ओढा इंग्रजी माध्यमाकडेच. २०१२ च्या कायद्याने स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा रस्ता मोकळा झाला. इकडे एक्सप्रेसवे झालेला, नेरळ-कर्जतला मुंबईची माणसं राहायला येतायत, पनवेल-कर्जत नवी रेल्वे लाईन होतेय. जिथं टॉवर तिथं इंटरनॅशनल स्कूलचा बोर्ड. वाईट आहे असं नाही. पण आता शाळेचा अख्खा खर्च पुन्हा आपल्या खिशातून जातोय, आणि शेतसाऱ्याच्या काळासारखेच आपण गप्प आहोत.

आता ताईंच्या पत्रकांकडे येऊ. उदाहरण म्हणून आकडे धरतो, कुठल्या शाळेचे नाहीत. एका शाळेची फी ४०,००० रुपये, घरापासून चालत. दुसरीची ३२,०००, पण बस लागते, महिन्याला १,५०० प्रमाणे १० महिन्यांचे १५,०००. म्हणजे 'स्वस्त' शाळा पडली ४७,००० ला. त्यात गणवेश, पुस्तकं, ऍक्टिव्हिटी, स्मार्ट क्लास, सहल आणि शाळा सुटल्यावरची ट्यूशन मिळवा. बसचे पैसे १० महिन्यांचे की १२ महिन्यांचे, हे लेखी विचारा.

दुसरं, पहिलीची फी बघून शाळा निवडू नका. दहावीपर्यंतची बेरीज करा. ४०,००० फी दरवर्षी १० टक्के वाढली तर दहावीला ती ९४ हजारांवर जाते आणि दहा वर्षांची बेरीज सुमारे ६ लाख ३७ हजार होते. हीच फी दोन वर्षांतून एकदा १५ टक्के वाढली तर दहावीला ७० हजारांच्या आसपास, आणि बेरीज सुमारे ५ लाख ३९ हजार. फरक ९८ हजारांचा. शाळा तीच, पोर तेच.

हा दोन वर्षांचा मुद्दा मी हवेतून काढलेला नाही. महाराष्ट्राचा शुल्क विनियमन कायदा २०११ चा आहे, २०१४ मध्ये लागू झाला. विनाअनुदानित खासगी शाळा, मग बोर्ड कुठलंही असो, त्याखाली येते. वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत शिक्षक-पालक संघ व्हायला हवा. कार्यकारी समितीत प्रत्येक इयत्तेचा एक पालक, तोही चिठ्ठ्या टाकून. पुढच्या वर्षाची फी शाळेने सहा महिने आधी या समितीपुढे ठेवायची. ठरलेली फी दोन वर्षं बांधील. शाळेने मागितलेली आणि समितीने मान्य केलेली फी यात १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर शाळेला विभागीय शुल्क नियामक समितीकडे जाता येतं. २०१८ च्या दुरुस्तीनंतर किमान २५ टक्के पालक एकत्र आले तर त्यांनाही तिथे दाद मागता येते. एकटा पालक गेला तर दार उघडत नाही, ही या कायद्याची लंगडी बाजू. म्हणूनच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुरकुर करून काही होत नाही.

माझाच अनुभव सांगतो. आमच्या पुतण्याच्या शाळेत दोन वर्षांपूर्वी मी विचारलं, "कार्यकारी समितीत आमच्या इयत्तेचे पालक कोण?" ऑफिसातले म्हणाले, "सर, ते सगळं झालंय." नावं काही सांगेनात. पुढच्या जूनला आम्ही अकरा पालक लेखी अर्ज घेऊन गेलो. चिठ्ठ्या आमच्यासमोर टाकल्या गेल्या. फी कमी झाली नाही, खोटं कशाला सांगू? पण 'विविध उपक्रम' नावाखालची रक्कम कशाची, ते कागदावर आलं, आणि त्यातली एक बाब पुढच्या वर्षी पत्रकातून गेली. शाळेशी भांडण झालं नाही. उलट मुख्याध्यापक बाई आता स्वतःहून बोलावतात.

प्रवेश घेण्याआधी आणखी तीन गोष्टी. बोर्डावर 'सीबीएसई पॅटर्न' लिहिलंय म्हणजे सीबीएसईची संलग्नता आहे असं नव्हे, संलग्नता क्रमांक मागा. शासनमान्यता आणि यूडायस क्रमांक मागा, कारण मान्यता नसलेल्या शाळेत पोराचं नाव घातलं तर पुढे दाखल्याच्या वेळी आपणच धावतो. आणि पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापांची परीक्षा, मुलाखत घेणं, देणगी मागणं हे शिक्षण हक्क कायद्यात बसत नाही.

त्याच कायद्यात खासगी विनाअनुदानित शाळांतल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियम बदलला आणि एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना यातून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी तो बदल रद्द केला. म्हणजे जागा आहेत. दुर्बल घटकाला वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत लागतं, अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट नाही. ऑनलाइन अर्ज सुरू झाले की मी इथं टाकीनच, पण दाखले आत्तापासून काढून ठेवा.

आणि शेवटी एक गोष्ट, जी फी-पत्रकात नसते. पाथरज, कशेळे पट्ट्यातल्या किंवा खालापूरच्या डोंगरातल्या कातकरी, ठाकर वाड्यांवर हा 'कुठली शाळा निवडू' प्रश्नच नाही. दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर जातात, पोरं बरोबर. त्यांच्यासाठी वाडीतली झेडपीची शाळा नाहीतर आश्रमशाळा, एवढंच. आपण बोलणारी, अर्ज करणारी माणसं आपापली पोरं घेऊन तिथून निघालो की पट घसरतो. २०१७ मध्ये राज्यात कमी पटाच्या १,३०० च्या वर शाळा बंद करून मुलं दुसरीकडे हलवायचं ठरलं होतं, आठवतं ना? डोंगरातली शाळा बंद झाली की 'जवळची शाळा' कागदावर जवळ असते, पावसाळ्यात ओढ्यापलीकडे.

म्हणून ताई, तुमच्या चार पत्रकांबरोबर पाचवी शाळाही बघून या. तुमच्या गावची झेडपीची. एक दिवस जा, मास्तर किती आहेत, तिसरीतलं पोर धडा वाचतं का, संडासाला पाणी आहे का, एवढं बघा. चांगली निघाली तर सहा लाख वाचले. नाही निघाली तर शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, तिथं बोला. आणि खासगीच घ्यायची ठरली तर खुशाल घ्या, पोर तुमचं, पैसा तुमचा. फक्त जूनमध्ये समितीच्या चिठ्ठीत आपलं नाव टाका.

स्वस्त कुठली, ते सांगतो म्हणालो होतो. त्या चारांमध्ये बससकट दहा वर्षांची बेरीज केली तर तिसऱ्या नंबरची शाळा सगळ्यात कमी पडते, जी पहिलीच्या फीत दुसरी महाग दिसत होती. बेरजेचा कागद इनबॉक्समध्ये पाठवलाय.

तुमच्या शाळेत कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून झाली का? शाळेचं नाव न घेता कॉमेंटमध्ये फक्त 'हो' किंवा 'नाही' लिहा. किती जणांना माहीतच नव्हतं, तेही कळेल.