पेनीवरील ठशांच्या खुणा

इंग्लंडची जुनी पेनी हे काही मौल्यवान नाणे नव्हे. एका पौंडाच्या २४० पेन्या होत, आणि हा हिशेब १५ फेब्रुवारी १९७१ रोजी दशमान पद्धती येईपर्यंत चालू राहिला. व्हिक्टोरिया राणीच्या तरुणपणीचे मुख असलेली, झिजून गुळगुळीत झालेली पेनी त्यामुळे विसाव्या शतकातही तिकडच्या दुकानदाराच्या गल्ल्यात सापडत असे. अशा क्षुल्लक नाण्याचा तेथील संग्राहकांनी जो सूक्ष्म अभ्यास केला, तो पाहून प्रथम हसू येते. मग आपणही भिंग हाती घेतो.

आमच्याकडे या पेन्या आल्या त्या घरातल्याच एका पितळी डब्यातून. सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत बडोदे संस्थानाने अनेक होतकरू तरुणांना शिष्यवृत्ती देऊन परदेशी धाडले, डॉ. आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कला गेले ते बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर. आमचे एक चुलत आजोबा असेच विलायतेस राहून आले होते. परतताना खिशात उरलेली मोड त्यांनी टाकली नाही, एवढेच. लहानपणी कॅरमची सोंगटी हरवली की आम्ही मुले त्यातलीच एक पेनी पटावर ठेवीत असू. आकार जवळजवळ तोच. त्या डब्यात अभ्यासण्याजोगे काही असेल, हे नोकरीतून मोकळे होईपर्यंत आमच्या ध्यानी आले नव्हते.

तांब्याची पेनी यंत्रावर पाडण्याचा प्रारंभ १७९७ चा. मॅथ्यू बोल्टन याच्या बर्मिंगहॅमजवळील सोहो टांकसाळीत वाफेच्या बळावर ही पेनी पडली. वजन पुरते एक औंस आणि कडा इतकी रुंद, की लोकांनी तिला ‘गाडीचे चाक’ म्हटले. याच सोहो टांकसाळीने त्याआधी, १७९१ साली, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यासाठी तराजूचे चित्र व ‘अदल’ हा फार्सी शब्द असलेले तांब्याचे पैसे पाडले होते. जुन्या घरांतील देव्हाऱ्यांत वा फडताळांत ते अजूनही मिळतात. तेव्हा ही पेनी आपल्या पैशाची एका अर्थी धाकटी बहीणच ठरते.

ठशांच्या भेदांचे खरे भांडार मात्र १८६० सालचे आहे. त्या वर्षी जड तांबे गेले आणि कांसे आले: ९५ भाग तांबे, ४ भाग कथील, १ भाग जस्त. सुमारे १९ ग्रॅमची पेनी ९.४५ ग्रॅमवर आली. नवा ठसा लेनर्ड चार्ल्स वायन याने कोरला. आपल्याकडच्या १८४० च्या रुपयावरील व्हिक्टोरियाचे मुख ज्याने घडविले, त्या विल्यम वायनचा हा मुलगा. राणीचे केस मागे बांधलेले, म्हणून इंग्रज संग्राहक तिला जे नाव देतात त्याला आमच्या घरात ‘अंबाडा पेनी’ हेच नाव रूढ झाले आहे. मागील बाजूस त्रिशूळ धरून बसलेली ब्रिटानिया, डावीकडे दीपगृह, उजवीकडे गलबत.

प्रथम या नाण्याच्या कडेला बारीक मण्यांची माळ होती. ती यंत्रावर नीट उतरेना, म्हणून त्याच वर्षी मण्यांऐवजी दाते आले. बदलाच्या त्या धांदलीत काही वेळा एका बाजूला मण्यांचा ठसा आणि दुसऱ्या बाजूला दात्यांचा, अशी जोडी यंत्रावर चढली. या दुर्मीळ नाण्यांना तिकडे ‘म्यूल’, म्हणजे खेचर, म्हणतात. शिवाय कोठे वायनची सही राणीच्या गळ्याशी आहे, कोठे खाली, कोठे मुळीच नाही. डोक्यावरच्या पर्णमालेत कोठे १५ पाने, कोठे १६. कार्यालयात दोन प्रतींतील फरक हुडकण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना हे काम परके वाटू नये.

हे भेद होतात कसे? मूळ मुद्रेवरून कामाचे अनेक ठसे तयार होत आणि झिजले की बदलत. परंतु सालाचे आकडे, आणि अक्षर बुजले तर तेही, कारागीर हाताने ठोकून बसवी. जुना ठसा वाया जाऊ नये म्हणून ३ वर ५ ठोकून १८६३ चे १८६५ केले, की खालचा ३ भिंगातून डोकावतो. १८६४ च्या ४ ला कधी आडव्या टोकाशी छोटी पट्टी आहे, कधी नाही. १८६३ च्या अगदी थोड्या पेन्यांवर सालाखाली ठशाचा क्रमांक आहे. सी. विल्सन पेक यांचा ग्रंथ १९६० साली आणि मायकेल फ्रीमन यांचा १९७० साली आला. फ्रीमन यांनी दर्शनी ठशाला आकडा व मागील ठशाला अक्षर देऊन प्रत्येक जोडीची नोंद केली. आमच्या मते इतकी सोपी आणि उपयुक्त पद्धत दुसरी नाही.

आपल्याकडेही हे डोळे उपयोगी पडतात. राणीछाप रुपयांवर १८७४ पर्यंत १८६२ हेच साल राहिले. मुंबईच्या रुपयांचे प्रत्यक्ष वर्ष सालाजवळच्या ठिपक्यांवरून ताडावे लागते. ज्यांच्या घरी असे रुपये असतील त्यांनी ते आजीच्या पेटीतून काढून एकवार पाहावेत. घासून चकचकीत मात्र करू नयेत.

आता आमची फजिती. १८८२ साली लंडनची टांकसाळ नवी यंत्रे बसविण्यासाठी बंद होती, म्हणून पेन्या बर्मिंगहॅमच्या हीटन कंपनीने पाडल्या व सालाखाली ‘एच’ हे अक्षर घातले. ‘एच’ नसलेली १८८२ ची पेनी अत्यंत दुर्मीळ. आमच्या डब्यात १८८२ ची पेनी निघाली आणि तिच्यावर ‘एच’ दिसेना! दोन दिवस घरात दुसरा विषय नव्हता. पुतण्याने तर किंमत काढून ती कोणाकोणात वाटायची याचाही हिशेब मांडला. चुलत आजोबांची वस्तू ती. त्यांची नातवंडेही आहेत, हे आम्हीच त्याच्या लक्षात आणून दिले, आणि आवाज थोडे चढले.

तिसऱ्या रात्री दिवा तिरपा धरला. प्रकाश समोरून पडला की झिजेत सारे सपाट होते. बाजूने पडला की उरलासुरला उंचवटाही सावली टाकतो. सालाच्या दुसऱ्या आठाखाली केसाएवढी उभी रेघ दिसली. ‘एच’चा डावा पाय. मुद्दाम ‘एच’ घासून काढलेल्या पेन्याही बाजारात असतात, पण तशी लबाडी येथे नव्हती. ब्रिटानियाचे मुख आणि ढालही तितकीच झिजली होती. चुलत आजोबांच्या हाती येण्यापूर्वी तीस वर्षे ते नाणे हातोहात फिरले होते, त्याचा हा परिणाम.

पाकिटावर आम्ही लिहिले: ‘१८८२, एच, झिजलेला’. पुतण्याने तारीख घातली, आणि डबा चुलत घरी पोहोचता केला.